गोदामातला माठ

दाराशी आलो आणि माझा पाय आपोआप डावीकडं वळला. समोर नुसती चकचकीत फरशी होती. तरी मी नसलेल्या कशाला तरी वळसा घालून आत गेलो.

"काय झालं ओ, ठेच लागली का?" शोरूमचे मालक पुढं आले.

"नाय शेठ. नवीन फरशी हाय, म्हटलं आपल्या चपलीनं कशाला घाण करा."

मालक खूश. लोकांना खूश करणं हाच आपला धंदा. नळ, शॉवर, बेसिन, टब यांचं हे शोरूम, आज त्याचं उद्घाटन. बाहेर फुग्यांची कमान, लाल फीत आणि मी. पाहुणे येईपर्यंत माईक धरून पब्लिकला हसवत ठेवायचं. पुढाऱ्याचा आवाज, क्रिकेटची कॉमेंट्री, एसटीचा कंडक्टर, मोबाईलमधी रस्ता सांगणारी बाई. नाटकाची डिग्री घेतलेला माणूस दुसरं काय करणार.

खरं म्हणजे गल्ली मला ओळखूच आली नव्हती. ती मोबाईलमधली बाई सांगंल तिकडं गाडी वळवत आलो. चार मजले, काचा, काचेत पांढरं आभाळ. डोळ्याला काही म्हणजे काही ओळखीचं दिसलं नाय. पाय मात्र शहाणा निघाला. मग मागं वळून बघितलं, तर समोरचं पंक्चरचं दुकान तेच, टायर अडकवायचा वाकडा खांब तोच. म्हणजे मी उभा होतो तिथं आमचं गोदाम होतं. आणि मी वळसा घातला तिथं सविताचा माठ.

गोदाम आधी सरकीचं होतं. कॉलेजनं ते आमच्या नाट्यशास्त्र विभागाला तालमीसाठी भाड्यानं घेतलं होतं, कारण मेन बिल्डिंगमधी आमच्या आरडाओरड्यानं कॉमर्सवाल्यांना त्रास होत होता. वर पत्रा, खाली कोबा, कोबा फुटलेला. दार सरकवलं की आधी सरकीचा तेलकट वास यायचा, मग कबुतरांचा, मग आमचाच. उन्हाळ्यात पत्रा असा तडतडायचा की कोणी वर फुटाणे भाजतंय असं वाटावं. त्या तडतडीच्या वर आवाज न्यायचा, शेवटच्या भिंतीवर आपटवायचा आणि तरी ओरडायचं नाय, हे आम्ही तिथं शिकलो. आता माझ्या हातात माईक असतो. भिंत कुठं हाय ते बघायची गरज पडत नाय.

मी देवगाव रंगारीचा. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल केली तेव्हा हेडमास्तर हसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी मला बदडलं. मला वाटलं, आपण कलाकार झालो. बारावी झाल्यावर बापाला म्हणालो, नाटकाचं शिकायला औरंगाबादला जातो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. बाप मेंढरांच्या पाठीमागं उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "नकला करायला डिग्री लागती व्हय? तू तर फुकटात करतो."

त्यानं जाऊ दिलं पण. त्या सालापासून पाऊस गेला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पुढच्या साली येईल. पुढच्या साली कोणी काही म्हणालं नाय. बाप मेंढरं घेऊन खानदेशाकडं उतरला, आणि फोन लावला की दर वेळेला नव्याच गावाचं नाव सांगायला लागला. त्याच्यामागं नुसतं मेंढरांचं बेंबाटणं ऐकू यायचं. पुढं ते बी बारीक होत गेलं.

मी पुंडलिकनगरला एका खोलीत राहायचो. नळाला पाणी कधी येईल ते देवाला आणि पाणी सोडणाऱ्या वॉलमनलाच माहीत. गल्लीत टँकर शिरला की बायका भांडी घेऊन पळायच्या, आणि तो प्लास्टिकच्या घागरींचा पोकळ ठकठक आवाज आधी लांबून, मग जवळून, मग सगळीकडून यायचा. तो आवाज मला अजून काढता येतो. पण तो कोणी मागत नाय. त्याच दिवसांत शहर नुसतं सुटलं होतं. जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग. काल ज्वारीची धसकटं दिसली त्या रानात आज चुन्याच्या रेघा, आणि कमानीवर कारंज्याचं चित्र. गावाकडं पाणी नाय म्हणून माणसं शहराकडं येत होती, आणि शहर पाणी नसलेल्या रानाकडं जात होतं. मधी कुठंतरी आम्ही पोरं नाटक शिकत होतो.

आमचे सर म्हणजे मिर्झा सर. उंच, वाकलेले, आवाज असा की रिकाम्या रांजणात कोणी बोलतंय. मराठी शुद्ध बोलायचे, पण चिडले किंवा खूश झाले की दखनीत शिरायचे. चपला दाराच्या बाहेर काढायचे, दोन्ही एकमेकींना चिकटून, नाकं रस्त्याकडं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं आणि म्हणाले, "पाणी पिऊन दाखवा."

"कशातून सर?"

"हातात काय आहे?"

"काहीच नाय."

"मग त्याच्यातूनच."

मी लगेच उठलो. आमच्या सरपंचाची नक्कल केली. पाणी पिताना घटघट, मधी ढेकर, मिशी पुसणं, उरलेल्या पाण्यानं खुर्चीवरनंच चूळ भरणं. पोरं लोळायला लागली. सर बी हसले. मग म्हणाले, "आवाज लई भारी मियाँ. पानी किधर है?"

मी हाताकडं बघितलं. बोटं नुसती मूठ वळून होती. त्या मुठीत गिलास मावलाच नसता.

मग एकेक जण उठला. शहरातली पोरं बाटलीनं प्यायली, झाकण उघडायचंच विसरली. एकानं पिऊन झाल्यावर गिलास हवेतच सोडून दिला. सर म्हणाले, "फोड दिया ना. उचल आता काचा." त्याला खरंच खाली बसून काचा वेचायला लावल्या.

शेवटी सविता उठली. फर्दापूरची. तिचे वडील अजिंठ्याला येणाऱ्या टुरिस्ट लोकांना दगड विकायचे. बाहेरून काळे, फोडले की आत पांढरे चमकणारे. तिला चार शब्द जपानीचे यायचे, "घ्या, स्वस्त हाय" असं काहीतरी, आणि ते ती इतक्या गोड सुरात म्हणायची की मी पहिल्याच दिवशी तो सूर उचलला. बाकी ती फार बोलायची नाय.

ती उठली आणि गोदामाच्या बाहेर निघून गेली. आम्हाला वाटलं लाजली. तेवढ्यात दारातनं आत आली, डोक्यावर माठ घेऊन. काहीच नव्हतं डोक्यावर. पण मान ताठ, डोळे समोर, कमरेला तो बारका झोका, आणि एक हात वर काठाला. दारातनं आत येताना ती जराशी वाकली, चौकटीला माठ लागू नये म्हणून. दाराच्या आत उजव्या अंगाला थांबली. गुडघे मोडून माठ खाली घेतला, मांडीवर टेकवला, डोक्यावरची चुंबळ काढून कोब्यावर ठेवली, तिच्यावर माठ ठेवला, आणि नीट बसावा म्हणून जरासा फिरवला. तोंडावर ताटली. ताटलीवर गिलास पालथा. मग पदर नव्हता, ड्रेस होता, तरी पदरानं मान पुसली.

कबुतरं बी गप्प होती असं मला आठवतं. नसतील.

सर उठले, माठापाशी जाऊन उकिडवे बसले. सवितानं गिलास उचलला, ताटली सरकवली, बोटं पाण्याला लागू न देता गिलास भरला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. सर प्यायले. थोडंसं तोंडात फिरवलं.

"कचकच लागतंय गं."

"व्हय सर. इहिरीचा तळ लागला हाय. फडक्यानं गाळलं, तरी येतंय."

सरांनी रिकामा गिलास परत दिला आणि आमच्याकडं वळून पहिला नियम सांगितला. इथं जे हवेत ठेवलं, ते तिथंच राहणार. त्यातनं चालायचं नाय. आणि ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं.

सवितानं तो माठ उचललाच नाय. त्या दिवशी तास संपला म्हणून राहिला, दुसऱ्या दिवशी कोणी आठवण केली नाय, आणि मग तो तिथलाच झाला. दारातनं आलं की डावीकडं वळसा घालून यायचं. कोणी घाईत सरळ आला की सर लांबनं ओरडायचे, "अरे माठ, माठ! देख, पाव गीला हुआ ना!" आणि त्यानं पाय झटकायचा. नवीन पोरं यायची तेव्हा त्यांना काही समजावून सांगायला लागायचं नाय. आम्ही सगळे एकाच जागेला वळसा घालतोय हे बघून ती बी घालायची. तालमीला उभं राहायच्या आधी माठातलं घोटभर पाणी प्यायचं, हे कोणी सुरू केलं ठाऊक नाय. पण तसं केल्याशिवाय कोणाचा पहिला शब्द निघत नव्हता. खरं पाणी कॅनमधी असायचं. कॅनचं पाणी कोमट असायचं, प्लास्टिकचा वास मारायचं. माठातलं थंड होतं. हसायचं तर हसा.

सवितानं सरांना एक फोडलेला दगड आणून दिला होता. वारा आला की गोदामाचं दार घरंगळायचं, ते अडवायला तो दगड ठेवलेला. दुपारी तीनच्या सुमाराला पत्र्याच्या भोकातनं उन्हाची काडी त्याच्यावर पडायची आणि भिंतभर बारके बारके ठिपके हलायचे. मला आता गोदामाची भिंत आठवत नाय. ठिपके आठवतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही गावोगाव पथनाट्य केलं. विषय, पाणी वाचवा. वरनं आदेश आला होता. मी पाण्याचा थेंब झालो होतो, निळी टोपी घालून. एका गावात पारावर आमचं सुरू झालं आणि समोर बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय वाचवू लेकरा? आधी दाखव तर."

पब्लिक हसलं. मी थेंबाच्या आवाजात म्हणालो, "आजी, मीच की पाणी!"

"तू व्हय? मंग ये हिकडं, घागरीत बस."

त्याच्यावर लई हशा झाला. मला बी हसू आलं. सविता नाटकात गावची पाटलीण होती, ती तशीच खाली उतरली आणि म्हातारीपाशी जाऊन बसली. मिर्झा सरांनी ढोलकी थांबवली आणि हळू म्हणाले, "चलो. बस झालं."

गाडीत कोणी नक्कल कर म्हणालं नाय. ती टोपी मी घरी घेऊन गेलो होतो. पुढं तिचा रंग उडाला, मग ती बी कुठं गेली कोण जाणे.

वर्ग बारीक होत चालला. कोणी वाळूजला कंपनीत लागला, कोणी टँकरवर गेला, कोणी सांगून गेला, कोणी नुसताच दिसेनासा झाला. सर हजेरी घ्यायचे बंद झाले. तिसऱ्या वर्षी परीक्षेचं नाटक आम्हीच जुळवलं, गाव सोडून निघालेल्या बाईचं. सविता ती बाई. माठ हलवायचा नव्हता म्हणून खेळच दारापाशी मांडला होता. सगळ्या नाटकात माठ तसाच असायचा, लोक त्याच्यावरनं भांडायचे, रडायचे, लग्नं जमवायचे. आणि शेवटच्या प्रवेशात सविता तो माठ उचलून डोक्यावर घेणार आणि चालायला लागणार. पडदा. इतक्या दिवसांनी तो माठ जागचा हलणार होता. तालमीत बी ती उचलायची नाय. माठापर्यंत यायची, वाकायची आणि थांबायची. "त्या दिवशीच उचलीन सर," म्हणायची. सर म्हणायचे, "हौ. तभीच."

तिच्या घरी पाहुणे येऊन गेले होते. टुरिस्ट येईनासे झाले होते, दगड पडून होते. मागं तिची लहान बहीण होती. सवितानं वडलांकडून परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. नाटक होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तसं. पण मला ती एकदा म्हणाली होती, "आबांनी एकदा नाटक बघितलं ना, तर ते मला पुढं शिकू देतील. ते बघतील तर कळंल त्यांना."

आबा नाटकाच्या आधीच आले. भर दुपारचे, न सांगता. आम्ही तालमीत होतो. दारात एक वाळलेला उंच माणूस उभा, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात पिशवी. एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. लेक दिसली तसा तो सरळ आत निघाला.

"अहो, माठ! माठ!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

आबांनी उचललेला पाय तसाच वर धरला. खाली बघितलं. आमच्याकडं बघितलं. मग काही न विचारता तो पाय मागं घेतला आणि वळसा घालून आले. माझ्या मनात आलं, झालं. बघितलं यांनी. कळलं यांना.

"बसा आबा," सविता म्हणाली. "असे एकदम कसे आले?"

"आलो. म्हटलं बघावं पोरगी काय करू राह्यली." त्यांनी भिंतीला टेकून बसत मुंडासं सोडलं. ओठ फुटले होते. "आधी पाणी दे वं थोडं. घसा पार वाळला."

कॅन सकाळीच संपला होता. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, सविताला बी माहीत होतं. पण पाणी म्हटलं की त्या गोदामात पाय जिकडं जायचे तिकडं तिचे गेले. ती माठापाशी बसली. गिलास उचलला, ताटली सरकवली, बोटं न बुडवता भरला, आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, बापापुढं आणला.

आबांनी हात पुढं केला. डोळे लेकीच्या तोंडाकडं होते. त्यांची बोटं मिटली, आणि त्यांत काही आलं नाय.

त्यांनी हाताकडं बघितलं. उघडला, परत मिटला. सविता तशीच ओंजळ धरून उभी. तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाय, करून दाखवता बी येत नाय.

"हे शिकती व्हय गं तू हितं?" आबा म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. फार हळू म्हणाले. "तहानल्या माणसाला रिकामे हात द्यायचे?"

मी बाहेर पळालो. पंक्चरवाल्याकडं नुसतं टायर बुडवायचं काळं पाणी होतं. तिकडनं किराणा दुकान, ते बंद. चौकात टँकरपाशी बायकांची झुंबड, तिथं मला कोण विचारतो. मेन रोडवर उड्डाणपुलाचे खांब उभे राहत होते, जेसीबी चालू होता, धुळीत काही दिसत नव्हतं. तिथं एका टपरीवर पाण्याचं पाऊच मिळालं. ते छातीशी धरून परत पळालो. माझ्या आयुष्यात मी कोणतीच एंट्री इतकी जीव तोडून घेतली नसंल.

आलो तर सविता बॅग घेऊन दारात उभी होती. आबा रस्त्यावर, पाठ करून. मी पाऊच पुढं केलं. आबांनी ते घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि न फोडताच पिशवीत टाकलं.

"परीक्षेला येशील ना?" मी विचारलं.

"येईन की." ती गोदामात मागं बघत होती. "माठ असू द्या तिथंच. कोणी हलवू नका. मी आले की उचलीन."

मग दोघं स्टँडकडं गेली. मिर्झा सर दारात उभे होते अनवाणी. कोबा तापला होता, तरी ते किती तरी वेळ तसेच उभे होते.

नाटकाच्या दिवशी आम्ही वाट बघितली. खुर्च्या भरल्या, परीक्षक आले, पत्रा तडतडून तडतडून थंड पडला. दारातला प्रत्येक माणूस आम्ही बघितला. सरांनी मला पडद्यामागं बोलावलं. "तू करतो ना उसकी आवाज?"

"करतो सर."

"करू नको वाटलं तर नको करू."

मी केला. पडद्यामागनं सविताची सगळी वाक्यं बोललो, तिच्या आवाजात, तिच्या सुरात, जिथं तिचा श्वास तुटायचा तिथंच तोडून. मी आजवर केलेल्या कामात तेवढंच काम खरं. आणि पब्लिक हसलं. पहिल्या वाक्याला थोडं, मग जास्त. नकल्या बोलतोय म्हटल्यावर लोक हसणारच, त्यांचं काय चुकलं. गावच्या बाईचं दुःख सांगताना शेवटच्या भिंतीपर्यंत हशा जात होता, आणि मी तिच्या आवाजात पुढं पुढं बोलत होतो. शेवटी माठ उचलायची वेळ आली. स्टेजवर कोणी नव्हतं. माठ होता. दिवा जरा वेळ त्याच्यावर ठेवला, आणि मग काढून घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उठून दाराकडं निघाले. सरळ, माठातनं. आमच्यातलं कोणी ओरडलं नाय. सर वळसा घालून बाहेर गेले.

गोदाम विकलं गेलं तेव्हा आम्ही शेवटचे दोघं तिघं सामान उचलायला गेलो होतो. ढोलकी, पडद्याचे बांबू, खुर्च्या. दगड कोणीतरी आधीच नेला होता. सर माठापाशी थांबले. मी म्हणालो, "सर, मी उचलू?"

"तूने रखा था?"

"नाय."

"फिर?"

तेवढंच. दार ओढलं. दुसऱ्या आठवड्यात जेसीबी लागला. मी बघायला आलो नाय. सर त्याच्या पुढच्या साली गेले. त्यांचा आवाज मला लई चांगला येतो, सगळ्यांत चांगला तोच येतो, पण ते गेल्यापासून मी काढत नाय.

पाऊस पुढं आला म्हणे. बापाचं फार काही उरलं नव्हतं भिजायला.

एकदा एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीच्या गाडीवर बोंबलत अजिंठ्याच्या रस्त्यानं गेलो होतो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी थांबली. फळीवर दगड मांडलेले, मागं सविता. कडेवर पोरगं, गळ्यात काळी पोत. तिनंच आधी ओळखलं.

"अय्या, नकल्या! ये की. बस. आधी पाणी पी."

बाजूला माठ होता, खराखुरा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, चुंबळीवर. तिनं गिलास उचलला, ताटली सरकवली, बोटं न बुडवता भरला. मी प्यायलो. थंड होतं. मी घाईनं बोललो, "सविता, तुझा माठ तिथंच होता गं. शेवटपर्यंत. आम्ही कोणी हलवला नाय."

"कोणता माठ?"

"गोदामातला."

"कोणतं गोदाम रे? काय बोलू राह्यला तू?" ती हसली. पोरानं तिचे केस ओढले, तिनं सोडवले. तेवढ्यात एक टुरिस्ट जोडपं आलं आणि ती त्यांच्याकडं वळून त्या गोड सुरात जपानी बोलायला लागली.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. माणसाचा चेहरा वाचणं हेच माझं पोट. काही सापडलं नाय. एक तर ती विसरली होती, नाय तर नाटक करत होती. करत असंल, तर आमच्या वर्गात तसं कोणालाच जमलं नसतं. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी निघालो.

"चला चला, पाहुणे आले!" शोरूमचे मालक मला हलवत होते. "आवाज काढा काहीतरी. गर्दी गप झाली."

मी माईक घेतला. पुढाऱ्याचा काढला, हसले. कंडक्टरचा काढला, हसले. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि सगळी गर्दी एकदम दारातनं आत सरकली. सरळ. माझ्या तोंडातनं कसं निघालं मला कळलं नाय.

"अरे माठ, माठ! सँभालके! पाव गीला होगा!"

सरांचा आवाज. तसाच, रांजणातला. माईक तोंडापासनं लांब होता, तरी आवाज समोरच्या काचेवर जाऊन आपटला. अख्खी गर्दी जागच्या जागी थांबली. पाहुण्यांचा उचललेला पाय तसाच वर राहिला. एका बाईनं साडीच्या निऱ्या गोळा केल्या. सगळ्यांनी खाली बघितलं, मी बी बघितलं.

मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळेच हसले. "हा लई भारी व्हता!" "परत करा ओ, परत करा!" मालक मला अंगठा दाखवत होते. आत कोणीतरी बटन दाबलं, भिंतीवरचे शॉवर एकदम सुरू झाले, आणि ते बघायला लोक रेटारेटी करत आत गेले. मी दाराशी उभा राहून त्यांच्या चपला, बूट, सँडल बघत होतो. शेवटच्या माणसापर्यंत बघितलं.

कोणाचाच पाय ओला झाला नाय.